पितृपक्षातलं सिझर : तारखेच्या हिशोबाचं एक प्रकरण

इंदुरात सतरा वर्षं मी प्रसूतिगृहात सिस्टर होते. आता गरोदर बायका आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून त्यांची तयारी करून घेण्याचं काम करते. हे प्रकरण त्याच कामातलं. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. आठवडे आणि तिथी यांचं गणित मात्र घडलं तसंच ठेवलंय, कारण सगळा तिढा त्या गणिताचाच होता.

पार्श्वभूमी

राजेंद्रनगरातलं तीन पिढ्यांचं मराठी घर. आजेसासूबाई ८४ वर्षांच्या, सासरे निवृत्त, मुलगा पीथमपूरला कारखान्यात. सून २८ वर्षांची, माहेर वडोदऱ्याचं, दांडिया बाजारातलं. पहिलं बाळंतपण, म्हणजे रिवाजाप्रमाणे माहेरी व्हायचं. तिच्या आईने डिंक, अळीव, बाळंतशोपा सगळं आणूनही ठेवलं होतं. पण वडोदरा इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, नवऱ्याला रजा मोजकी, आणि सुरुवातीपासूनचे सगळे कागद इंदूरच्या डॉक्टरांकडे. शेवटी आईच इकडे येईल असं ठरलं. यात फारशी ओढाताण झाली नाही.

तब्येत चांगली होती. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, गोळ्यांनी वाढलं. एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत कागदावर ठळक लिहून घ्यायला हवी होती, ती कोणीच घेतली नाही : तिची पाळी २८ दिवसांची नव्हतीच. ३८-४० दिवसांनी यायची.

अडचण

३६ आठवडे झाले तेव्हा बाळाचं डोकं वर होतं. खाली बूड आणि दोन्ही पाय सरळ वर, पार कानापर्यंत. घरी कळल्यावर आजेसासूबाई एवढंच म्हणाल्या, "पायाळू आहे वाटतं. चांगलं असतं, कुणाच्या कमरेत चमक भरली तर याला लाथ मारायला बोलावतील." डॉक्टरांनी सिझर सुचवलं आणि आश्चर्य म्हणजे सिझरला घरात कोणाचाच विरोध झाला नाही.

वाद पेटला तारखेवर. डॉक्टरांनी दिलेला दिवस पितृपक्षातल्या तृतीयेचा निघाला.

सासूबाईंना तो मान्य नव्हता आणि त्यांचं कारण पोकळ नव्हतं. पंचमीला आजेसासऱ्यांचं श्राद्ध असतं. तृतीयेला मूल झालं की दहा दिवस सोयर, म्हणजे पंचमीला घरात पान वाढता येणार नाही. बारसंही बाराव्या दिवशी, चतुर्दशीला, पक्षातच येणार. त्यांनी गुरुजींना विचारून आधीचा मुहूर्त काढून ठेवला होता : भाद्रपद शुद्ध दशमी, सकाळी १० वाजून ४० मिनिटं. डॉक्टरांच्या तारखेच्या आठ दिवस आधी. गणपती बसलेले असताना घरात बाळ.

आता कागद. घरात तीन कागद होते आणि तीन तारखा. पहिली पाळीवरून काढलेली, ती नेमकी अनंत चतुर्दशीची येत होती. दुसरी आठव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीची, ती दहा दिवस पुढे, पितृपक्षातल्या नवमीची. तिसरी पस्तिसाव्या आठवड्यात दुसऱ्या सेंटरला काढलेल्या सोनोग्राफीची. बाळ जरा भरलेलं दिसलं म्हणून मशिनने छापलेली तारीख दुसरीपेक्षा सात दिवस आधीची. मुहूर्ताच्या दशमीला पहिल्या कागदाप्रमाणे ३९ आठवडे ३ दिवस भरत होते, तिसऱ्याप्रमाणे बरोबर ३९. दुसऱ्याप्रमाणे फक्त ३८.

"तीनपैकी दोन कागद म्हणतात ३९ भरले," सासूबाई मला म्हणाल्या. "मग डॉक्टर एकाच कागदाला का धरून बसल्यात?"

प्रश्न अगदी रास्त होता. दवाखान्यात त्याचं उत्तर कोणी नीट दिलं नव्हतं.

समोर काय काय पर्याय होते

बूड खाली असताना नेहमीची प्रसूती करता येतच नाही असं नाही. पण २००० साली २६ देशांतल्या दवाखान्यांचा मिळून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणी पायाळू बाळासाठी ठरवून सिझरच होऊ लागलं. अशा प्रसूती करणारे सरावाचे हात त्यामुळे कमी झाले. आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की मी हे करणार नाही. एखाद्या डॉक्टरने असं स्पष्ट सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

दुसरा पर्याय पोटावरून हाताने बाळ फिरवण्याचा. हे साधारण ३६-३७ आठवड्यांनंतर करतात, ढोबळ मानाने निम्म्या वेळा जमतं, आणि लागलंच तर तिथल्या तिथे सिझर करता येईल अशी तयारी ठेवावी लागते. इथे बाळाभोवतीचं पाणी कमीकडे झुकलेलं, पहिली खेप, बाळाचे पाय ताणलेले. म्हणजे जमण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. दोघांनी नको म्हटलं. निर्णय बरोबर असेलही, पण हा विषय ओपीडीत दोन मिनिटांत आटोपला, आणि घरी आल्यावर तिने मला विचारलं, "फिरवतात म्हणजे नक्की काय करतात?" ज्याला नको म्हटलं ते काय होतं हेच तिला कळलं नव्हतं.

तिसरा, दशमीचा मुहूर्त. आणि त्यालाच जोडून कोणीतरी नातेवाइकांनी सुचवलेला चौथा : फुप्फुसं पक्की करायचं इंजेक्शन देऊन दशमीलाच करा. डॉक्टरांनी तो ठाम नाकारला. ती स्टेरॉइडची इंजेक्शनं मूल खरोखरच आधी बाहेर काढावं लागणार असेल तेव्हासाठी आहेत. अडचण नसताना दिली तर बाळाची साखर उतरण्याचा धोका कशाला घ्यायचा?

पाचवा, तृतीयेपर्यंत थांबायचं. सोनोग्राफीच्या हिशोबाने ३९ आठवडे १ दिवस.

निर्णय कसा झाला

रविवारी दुपारी मी घरी गेले. तिन्ही कागद डायनिंग टेबलावर मांडले आणि आधी मतमोजणीचा मुद्दा घेतला. पाळीवरून काढलेली तारीख धरून चालते की बीजकोशातून बीज चौदाव्या दिवशी सुटलं. चाळीस दिवसांच्या पाळीत ते पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी सुटतं. म्हणजे बाळ मुळातच दहा-बारा दिवस उशिरा राहिलं, आणि दुसऱ्या कागदातला फरक नेमका तेवढाच होता. आठव्या आठवड्यात सगळी बाळं जवळजवळ एकाच मापाची असतात, म्हणून तेव्हाचं माप वय सांगतं. पस्तिसाव्या आठवड्यात कोणी बारीक, कोणी गुटगुटीत, तेव्हाचं माप फक्त अंगलट सांगतं. मशीन मात्र दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे तारीख छापतं. तिसरा कागद तारखेसाठी मोजायचाच नव्हता, आणि पहिला तिच्या पाळीला लागू नव्हता.

सासरे शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी पेन्सिल घेऊन कॅलेंडरवर स्वतः मोजलं आणि मान हलवली.

मग एका आठवड्याने एवढं काय बिघडतं, हा पुढचा प्रश्न. पोटात बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात काही संप्रेरकं वाढतात आणि ते पाणी शोषलं जायला लागतं. ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळाला कळांचा हा इशाराच मिळत नाही. म्हणून जितके दिवस पोटात पूर्ण होतील तितकं बरं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे २००९ चे आकडे मी कॅलेंडरच्या कडेला लिहून दाखवले. तो अभ्यास दुसऱ्यांदा ठरवून होणाऱ्या सिझरचा होता, हेही सांगितलं. श्वासाचा त्रास, साखर उतरणं, जंतुसंसर्ग, काचेच्या पेटीत ठेवावं लागणं असं काहीतरी ३७ व्या आठवड्यातल्या १५ टक्के बाळांना झालं, ३८ व्यात ११ टक्क्यांना, ३९ व्यात ८ टक्क्यांना. म्हणजे दशमीला केलं असतं तरी बहुधा सगळं ठीकच झालं असतं. हे मी लपवलं नाही. लपवलं असतं तर शेजारणीच्या नातवाचं उदाहरण निघालंच असतं.

सासूबाई गप्प होत्या. चहा करायला आत गेल्या, मीही मागे गेले. आलं किसता किसता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आमचं पहिलं गेलं. नऊ महिने भरून वर दहा दिवस झाले होते. सगळे म्हणाले थांबा, होईल आपोआप." किसणी खाली ठेवून त्यांनी पदराने हात पुसले. "या पोराला ठाऊक नाही. तुम्ही सांगू नका."

तेव्हा मला उमगलं की श्राद्ध, सोयर, मुहूर्त हे सगळं खरं होतं, पण त्याखाली ही भीती होती. त्यांच्या हिशोबाने अनंत चतुर्दशीला दिवस भरत होते, आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस म्हणजे "वर" गेलेला दिवस. त्यांचा विरोध तृतीयेला नव्हताच. थांबायला होता. त्या वेळी ना आठव्या आठवड्याची सोनोग्राफी होती, ना ठोक्यांची पट्टी. मी त्यांना म्हटलं, "काकू, आपण नुसतं थांबणार नाही. बघत बघत थांबू." डॉक्टरांशी बोलून ठरवलं : दशमीला आणि चतुर्दशीला बाळाच्या ठोक्यांची पट्टी आणि पाण्याची सोनोग्राफी, रोज हालचालींकडे लक्ष, आणि काही कमी वाटलं तर तृतीयेची वाट न बघता लगेच. दोन्ही तपासण्यांना सासूबाईच सुनेसोबत जातील. कुटुंबातल्या दुसऱ्या कोणाला मी त्यांचं बोलणं सांगितलं नाही. हे लिहिण्याआधी त्यांनी स्वतःच मुलाला सांगितलं आणि मला लिहायला मोकळीक दिली.

श्राद्धाचा प्रश्न आजेसासूबाईंनी सोडवला. गुरुजींना फोन लावायला लावला. गुरुजी म्हणाले, सोयर द्वादशीला संपेल, पान सर्वपित्रीला वाढा, चालतं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "त्यांच्याच पंधरवड्यात त्यांच्याच घरी पणतू येतंय. ते काय रागावणार आहेत?"

एक व्यवहाराचा मुद्दा राहिला होता. पायाळू बाळ असताना पाणमोट फुटली तर नाळ खाली घसरण्याचा धोका असतो, त्यामुळे कळांची वाट न बघता निघायचं. आणि मधल्या आठ दिवसांत अनंत चतुर्दशीची रात्र होती. इंदुरात त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका निघतात, राजवाड्याच्या भोवतालचे रस्ते पहाटेपर्यंत गर्दीने बंद असतात, आणि नर्सिंग होम नेमकं त्या बाजूला. नवऱ्याने आदल्या शनिवारी रात्री लांबच्या रस्त्याने गाडी नेऊन वेळ मोजून ठेवली. ती लागली नाही, पण मोजली होती म्हणून ती रात्र सगळ्यांना झोप आली.

ऑपरेशनचा दिवस

वेळ सकाळी ९ ची दिली होती. रात्री साडेआठला जेवण, "नंतर काही खायचं-प्यायचं नाही" अशी सूचना. सकाळी एक अडलेली बाई आली आणि साहजिकच तिला आधी घेतलं. आमचा नंबर लागला १२:४० ला. म्हणजे सोळा तास तोंडात पाण्याचा थेंब नाही. ओठ सुकलेले, डोकं दुखायला लागलेलं. जड खाणं सहा तास आधी बंद करायचं असतं हे खरं, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. वेळ पुढे गेल्यावर "आता पाणी देऊ का?" हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी साडेअकराला पोचले, तोवर ती वेळही निघून गेली होती.

बाकी आत सगळं सरळ झालं. बसवून पाठीच्या मणक्यात सुई, पाय जड आणि गरम, मग डावीकडे किंचित कलतं टेबल. रक्तदाब उतरून तिला मळमळलं, औषध दिल्यावर मिनिटभरात थांबलं. हे होऊ शकतं हे तिला आधी माहीत होतं म्हणून ती घाबरली नाही. "दुखणार नाही, पण ओढाताण कळेल, कोणी पोटात कपाट आवरतंय असं वाटेल" हे मी तिला सांगून ठेवलं होतं. ती नंतर हसून म्हणाली, कपाट अगदी माळ्यापर्यंत आवरलं. सातव्या-आठव्या मिनिटाला बाळ बाहेर. आधी बूड, मग पाय, मग हात, शेवटी डोकं. मुलगी. २ किलो ९०० ग्रॅम. क्षणभर शांतता आणि मग चांगलं खणखणीत रडणं.

बाळाला पुसून आईच्या गालाला गाल लावला. छातीवर ठेवणं मात्र आत जमलं नाही. एसीचा गारठा, तिला भुलीनंतरची हुडहुडी, आणि एकच सिस्टर. तिथून बाहेर आणल्यावर, जन्मानंतर साधारण पन्नास मिनिटांनी, उघड्या छातीवर बाळ ठेवून वरून पांघरूण घातलं. आणखी पंधरा-वीस मिनिटांनी बाळाने स्वतःच तोंड उघडून चाचपडायला सुरुवात केली. तिची आई आणि सासूबाई शेजारी उभ्या होत्या, कोणी बोललं नाही.

पुढचे चार दिवस

आजेसासूबाई संध्याकाळी आल्या त्या सोन्याची अंगठी आणि मधाची छोटी बाटली घेऊन. बाळाला सोनं-मध चाटवायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातल्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. हे मी त्यांना शेजारी बसून सांगितलं. त्यांनी विचारलं, "सोन्याला तर काही नाही ना?" नाही म्हटलं. त्यांनी अंगठी उकळत्या पाण्यातून काढवली, गार केली आणि बाळाच्या कपाळाला टेकवली. बाटली पिशवीत परत गेली.

दुसरी रात्र कठीण गेली. बाळ रात्रभर रडतंय, दूध "उतरलेलं" नाही, आणि रात्रपाळीच्या सिस्टरने पावडरचं दूध सुचवलं. सिझरनंतर दूध भरून यायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो, तोवर चीक पुरतो, पण पुरतोय हे कशावरून? वजन २७२० वर आलं होतं, म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडं वर. दुसऱ्या दिवशी दोनदा शू, एकदा काळी शी. यावरून डॉक्टरांनी वरचं दूध नको, दर दीड-दोन तासांनी पाजा, असं सांगितलं. खरी अडचण वेगळीच निघाली. "औषध दुधातून बाळाला जाईल" म्हणून तिने दुखण्याच्या दोन गोळ्या गुपचूप उशीखाली ठेवल्या होत्या. टाके दुखत असल्याने ती कुशीवर वळत नव्हती, नीट धरत नव्हती, बाळाला तोंडभर मिळत नव्हतं. तिला दिलेल्या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालणाऱ्याच होत्या. त्या घेतल्यावर, उशी पोटावर ठेवून बाळाला काखेखालून धरल्यावर, तासाभरात फरक पडला.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी घरी. बाळाला श्वासाचा त्रास झाला नाही, पेटी लागली नाही. थांबल्यामुळेच झाला नाही असं एका बाळावरून म्हणता येत नाही, आणि मी म्हणणार नाही. दहाव्या दिवशी वजन जन्माच्या वर गेलं. सर्वपित्रीला श्राद्ध झालं, बारसं नवरात्रात. सासूबाई त्या दिवशी मला म्हणाल्या, "दोन्ही पट्ट्या मी जपून ठेवल्यात." ठोक्यांच्या त्या कागदी पट्ट्या त्यांच्या कपाटात आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पाळी किती दिवसांची, हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारून आठव्या आठवड्यातच एक तारीख फाइलवर लाल शाईने लिहायला हवी होती, आणि बाकीच्या छापील तारखांवर रेघ मारायला हवी होती. तसं झालं असतं तर घर आणि दवाखाना एकाच आकड्यावर बोलले असते. तारीख सुनेला सांगून भागत नाही. मुहूर्त काढणाऱ्या माणसासमोर ती मोजून दाखवावी लागते, आणि मुहूर्त काढण्याआधी.

सासूबाईंना "का?" हे मी आधीच विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना आकडे सांगत होते.

बाळ फिरवण्याबद्दल तिला आधी पंधरा मिनिटं नीट सांगायला हवं होतं, मग तिने नाही म्हटलं असतं तरी ते तिचं नाही झालं असतं. ऑपरेशनची वेळ पुढे गेली की नवी वेळ आणि पाण्याची परवानगी दोन्ही विचारायची, हे आता मी नवऱ्याच्या चिठ्ठीत लिहून देते. दुखण्याच्या गोळ्यांचं तर आदल्या दिवशीच बोलते.

आणि एक गोष्ट थोडक्यात वाचली. बूड खाली असलेल्या बाळांच्या खुब्याचा सांधा सैल असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करतात. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलंच नव्हतं, कारण सिझर झालं की पायाळूपणाचा विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या लसीला गेल्यावर आजेसासूबाईंनीच बालरोगतज्ज्ञांना सांगितलं, "आमची पायाळू आहे बरं का." ते ऐकून त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. दोन्ही खुबे चांगले निघाले.